उजवा अंगठा : एका पखवाजवादक चित्रकाराचं एक वर्ष

कोजागिरीच्या दोन दिवस आधी भाई आमच्याकडे आले, पडवीतल्या बाकड्यावर बसले आणि चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला. २०२३ चा ऑक्टोबर. बावीस वर्षं मी त्यांच्याकडे पखवाज शिकतो आहे, पण त्यांना डाव्या हाताने कप उचलताना कधी पाहिलं नव्हतं. विचारलं तर त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, सुपारीएवढी सूज होती.

"अंगठो वळना नाय रे. पंधरा दीस झाले."

पंधरा दिवस नव्हे, महिना तरी झाला असणार. दुखणं कमी करून सांगायची त्यांना सवय आहे. त्रिपुरारी पौर्णिमा २६ नोव्हेंबरला होती. ती झाली की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची जत्रा लगेचच असते आणि तिथून वैशाखापर्यंत भाई दशावतारी मंडळाबरोबर (दशावतार म्हणजे रात्रभर चालणारं आपल्याकडचं लोकनाट्य) जवळजवळ रोज रात्री वेगळ्या गावात असतात. हातात एक महिना उरला होता.

त्या महिन्यात आणि त्यानंतर जे घडलं ते इथे लिहितो आहे. त्या काळात भाईंना बरेच सल्ले मिळाले आणि त्यातले बहुतेक चुकीचे निघाले. माझाही. आपल्या भागात वाजवणारे, रंगवणारे आणि दोन्ही करणारे अनेक आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा अंगठा असाच सुजला तर त्याने हे वाचलेलं असावं. नाव लिहायचं नाही, या अटीवर भाईंनी परवानगी दिली. त्यांचं गाव वेंगुर्ल्याजवळ किनाऱ्यावर आहे, एवढं पुरे.

दोन घरांकडून आलेली विद्या

भाईंचे वडील परळच्या एका गिरणीत कामाला होते. गिरणगावातल्या खोल्यांमधून कोकणातल्या माणसांनी जी भजनी मंडळं चालवली, त्यातल्या एकात ते पखवाज वाजवायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मिटण्याची वाट पाहून हजारो कुटुंबं गावी परतली, त्यात हेही होते. वडील ट्रंक आणि पखवाज घेऊन एसटीतून उतरले तेव्हा भाई आठ-नऊ वर्षांचे होते. शेती थोडी आणि घरात रिकामा बसलेला बाप, असे ते दिवस. बापाने मुलाला समोर बसवून भजनी ठेका द्यायला सुरुवात केली. आठ मात्रांचा तो ठेका भाई तीन महिने रोज वाजवत होते, दुसरं काही नाही. चौताल पुढे दोन वर्षांनी आला.

रंग आले आजोळकडून. मामांची गणपतीची शाळा होती. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो: मूर्ती करण्याच्या कारखान्याला कोकणात शाळा म्हणतात. आषाढात घरोघरचे लोक आपापला पाट शाळेत नेऊन देतात. पाटावर घराण्याचं नाव खडूने लिहिलेलं असतं. त्याच पाटावर त्या घराचा गणपती घडतो आणि चतुर्थीला डोक्यावरून घरी जातो. भाई दहाव्या वर्षापासून तिथे. आधी माती मळायची, मग पांढऱ्याचा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिन्यांचं सोनेरी काम. डोळ्यांची रेखणी मामा स्वतः करायचे. भाईंना डोळे पहिल्यांदा मिळाले ते सतराव्या वर्षी, तेही एका लहान मूर्तीचे.

हायस्कूलच्या ड्रॉइंगच्या सरांनी त्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही सरकारी रेखाकला परीक्षांना बसवलं आणि दोन्हीत वरची श्रेणी मिळाली. पुढे आर्ट टीचर डिप्लोमा करायचा तर बाहेर राहावं लागणार होतं. ते जमलं नाही. या गोष्टीबद्दल भाई एका वाक्यापलीकडे बोलत नाहीत, म्हणून मीही थांबतो. मी स्वतः तो डिप्लोमा करून चित्रकला शिक्षक झालो. माझ्या वहीतली रेषा आणि त्यांची रेषा शेजारी ठेवली, तर नोकरी कुणाला मिळायला हवी होती हे कुणीही सांगेल.

विसाव्या वर्षी त्यांना दशावतारी मंडळात बोलावणं आलं.

रात्रीचं काम

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, संवाद पात्रं जागेवर रचतात. साथीला पेटी, पखवाज आणि झांज, एवढंच. पालखी देवळात परतली की आडदशावतार सुरू होतो: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, संकासुर येतो, विष्णू त्याला मारतो. मग आख्यान लागतं ते उजाडेपर्यंत, आणि दहीकाल्याने संपतं. गावात यालाच धयकालो म्हणतात. पात्राच्या पुढच्या वाक्याला सूर लागेल की युद्ध, हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. पखवाजवाल्याने त्याच्या पावलाकडे पाहायचं. टाच उचलली की बोल बदलायचा. हे कुठल्याही परीक्षेत शिकवत नाहीत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देऊन विशारद झालेला एक चांगला मुलगा मी मंडळात तीन रात्रींत घामाघूम झालेला पाहिला आहे. त्याचा हात तयार होता. नजर पखवाजावर होती, तिथे तो अडला.

पखवाजाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा प्रश्न हाताचा आहे. भाईंच्या पखवाजाचं खोड फणसाचं आहे. उजवीकडच्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या तोंडावर, काळी शाई, डावीकडच्या धुमेवर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, वाजवून झालं की खरवडून काढतात. मधे चामड्याच्या वाद्या आणि त्यांखाली लाकडी गट्टे. गट्टा हातोडीने ठोकून पुडीचा सूर चढवायचा किंवा उतरवायचा. आपल्याकडच्या दमट हवेत चामडं सतत ढिलं होतं. पावसाळ्यात भाईंचा पखवाज चुलीच्या वर टांगलेला असतो. थंडीतही पहाटेचं दंव पडलं की पुडी उतरते आणि माणूस नकळत जास्त जोराने थाप मारू लागतो.

मंडळातली जुनी म्हण आहे: रात्री राजा, सकाळी कपाळाक बोजा. रात्रभर मुकुट घालून मिरवलेला नट सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावची वाट धरायचा. आता टेम्पो आले, पण सामान चढवणं-उतरवणं अजून मंडळातली माणसंच करतात. हा बोजा लक्षात ठेवा.

शिमग्यापर्यंत जत्रांची गर्दी, वैशाखात शेवटचे प्रयोग, मग पेरणी, मग शाळा. चतुर्थीनंतर महिना-दीड महिना भजनं आणि डबलबाऱ्या (दोन बुवांमधली भजनाची चढाओढ), मग पुन्हा कार्तिक. तीस वर्षं भाईंचं वर्ष असं फिरलं आहे. वर्षाचे दोन भाग एकमेकांना शिवून टाकलेले आहेत. पावसाळ्यात नाटक नसतं तेव्हा घर रंगावर चालतं. हिवाळ्यात रंगाला काम नसतं तेव्हा नाईटवर चालतं (एका प्रयोगाच्या मानधनाला इकडे नाईटच म्हणतात).

या दोन कामांना जोडणारी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. शाळेत पितांबराचा काठ ओढताना भाई तोंडातल्या तोंडात बोल म्हणतात. किट तक गदि गन. लांब रेषा धा वर सुटते आणि वळणाशी थांबते. एकदा दहा मूर्तींचे काठ मी मोजून पाहिले. प्रत्येकावर बारा बुट्ट्या होत्या, चौतालाच्या बारा मात्रांइतक्या. त्यांना सांगितलं तर ते चकित झाले. त्यांनी कधी मोजल्या नव्हत्या.

असं एका माणसात जुळून येणं आमच्याकडे नवलाचं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं पोथीत जपलेली असतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीने गोष्ट गायची. जे घर चित्र सांभाळतं तेच वाद्यही सांभाळतं. त्या परंपरेसाठी झटणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा भाईंनी गावात पेढे वाटले. त्यांचं नातं नाही, ओळखही फारशी नाही.

भाईंची स्वतःची चित्रं मात्र शाळेबाहेर फार कमी लोकांनी पाहिली आहेत. मंडळाच्या हँडबिलांच्या कोऱ्या पाठीवर ते पोस्टर कलरने रंगवतात. विषय एकच: रंगपटातली, म्हणजे पडद्यामागे वेश करतात तिथली माणसं. मुकुट उशाला घेऊन झोपलेला राजा. साडीचा पदर खोचून चूल फुंकणारी द्रौपदी, जिच्या गालावर सफेदा आणि हनुवटीवर पहाटे उगवलेले दाढीचे खुंट. काळी झूल बाजूला ठेवून मुलीला फोन करणारा संकासुर. यातली बरीच चित्रं २०२० ची आहेत. त्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, उरलेल्या जत्रा गेल्या. २२ ऑगस्टला चतुर्थी होती आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा, म्हणून मोठ्या मूर्तींचं काम गेलं. पुढच्या कार्तिकातही रंगमंच गप्प होते. भाईंनी त्या आठ-नऊ महिन्यांत जेवढं रंगवलं तेवढं आधीच्या वीस वर्षांत रंगवलं नव्हतं. उपासमारीच्या काळातली ही चित्रं आहेत आणि त्यांत एकही दुःखी चेहरा नाही. मी यावर त्यांना कधी प्रश्न विचारला नाही.

अधिक श्रावण

२०२३ साली श्रावण दोनदा आला. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक मास, त्यामुळे चतुर्थी लांबून १९ सप्टेंबरला गेली. पाट मात्र लोकांनी नेहमीच्या सुमारास आणून दिले. मामा आता नाहीत, मामेभाऊ शाळा चालवतो. महिना जास्त मिळतो आहे म्हणून त्याने कामही जास्त घेतलं, दीडशेच्या आसपास मूर्ती. आणि ऐन वेळी माती काढणारी, मूर्ती हलवणारी दोन मुलं चांगल्या मजुरीसाठी गोव्याला गेली.

मग मूर्ती हलवल्या कुणी? भाईंनी. मातीची मूर्ती सुकायला माळ्यावर, ऊन आलं की खळ्यात, सर आली की आत, पांढऱ्यासाठी खाली, रंगासाठी उजेडाला, पुन्हा रांगेत. एका मूर्तीची अशी आठ-दहा वेळा उचलठेव. ओल्या मातीचं वजन, खाली लाकडी पाट, आणि मूर्तीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही अंगठे वर ताणून धरलेले.

हे सगळं मी आज लिहितो आहे. ऑक्टोबरात हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

मंडळाच्या मालकांनी सूज पाहिली आणि रंगकामाने हात खाल्ला म्हणून सांगितलं: एवढी बारीक कामं या वयात कशाला, आता पखवाजच धरा. मामेभावाचं म्हणणं उलट. रात्र-रात्र थापा मारून हात गेला, जागरणं सोडा, शाळेत बारा महिने काम देतो. मी चित्रकलेचा मास्तर. मी म्हणालो, "भाई, यंदापासून फक्त डोळे काढा, बाकी ब्रश ठेवून द्या. हात पखवाजाला लागतो." आम्हा तिघांनाही वाटत होतं की एका कलेची किंमत दुसरी कला देते आहे. तिघांनीही त्यांना एक निवडायला सांगितलं. भाई सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि रात्री अंगठ्याला हळद-चुन्याचा लेप लावून झोपत होते.

डॉक्टरांचा प्रश्न

वहिनींनी, म्हणजे भाईंच्या पत्नीने, हट्ट धरला म्हणून आम्ही तालुक्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भाईंना अंगठा मुठीत मिटायला सांगितला आणि मूठ करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवली. भाई ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

डॉक्टरांनी कागदावर मनगट काढून समजावलं. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद खोबणीतून जातात. त्यांच्यावरचं आवरण जाड झालं की खोबण अपुरी पडते आणि प्रत्येक हालचालीला कंडरा घासते. १८९५ मध्ये द केर्व्हँ नावाच्या स्विस सर्जनने याचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावाने हा विकार ओळखला जातो. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात तान्हं मूल आहे का? नातवंड वगैरे सांभाळता?"

भाई गोंधळले. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं बाळंतिणींमध्ये खूप दिसतं. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे वर ताणून दिवसातून पन्नास वेळा उचलतात, त्याने होतं.

वहिनी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आसत मा पोरां. दीडशे. सगळी गणपतीची."

घरी आल्यावर आम्ही शाळेत गेलो आणि एक रिकामा पाट, त्यावर मातीचा गोळा ठेवून भाईंना डाव्या हाताने उचलायची रीत दाखवायला सांगितलं. मग ब्रशची पकड. मग पखवाज. पखवाजात थापेचं काम तळव्याचं आणि चार बोटांचं आहे, उजवा अंगठा बहुतेक वेळ पुडीपासून दूर मोकळा राहतो. बारीक ब्रश चिमटीत आवळून धरल्याने अंगठ्याला ताण पडतो हे खरं, पण खरा घाव उचलण्याचा. त्यानंतर ब्रशचा. पखवाज सर्वांत शेवटी, आणि तोही पुडी ढिली असताना जोर लावला तर. टेम्पोतून पेटारे उतरवणं मात्र पहिल्याच रांगेत बसतं.

म्हणजे दोन कलांचं भांडण नव्हतंच. कलेच्या भोवती जे हमालीचं काम असतं, जे कुणाच्या मानधनात धरलेलं नसतं, त्याने हात धरला होता. आम्ही तिघं त्या माणसाला अर्धं आयुष्य टाकून द्यायला सांगत होतो, आणि त्याला गरज होती मूर्ती उचलणाऱ्या दोन पोरांची. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

पढंत

अंगठा आणि मनगट धरून ठेवणारा पट्टा मिळाला आणि सहा आठवडे विश्रांती. सूज उतरेना म्हणून नंतर एक स्टेरॉइडचं इंजेक्शन. भाईंना साखर आहे, इंजेक्शनने ती काही दिवस वाढते, म्हणून रोज तपासायची. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. पण कार्तिकातल्या जत्रा गेल्या.

मंडळाला पखवाजवाला हवा होता. गावातल्या भजनात वाजवणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा भाईंनी पुढे केला. मालक तयार नव्हते. भाईंनी सांगितलं, पोरगा वाजवेल, मी मागे बसतो, नाईट त्याला द्या, मला नको. पहिल्या रात्री मीही गेलो. मुलगा पखवाजावर, त्याच्या उजव्या खांद्यामागे भाई, हाताला पट्टा, अंगावर शाल. आडदशावतार नीट झाला. आख्यानात युद्ध आलं तेव्हा मुलगा घाबरून खाली पुडीकडे पाहू लागला आणि राक्षसाची पावलं एकीकडे, ठेका दुसरीकडे. भाईंनी त्याच्या कानाशी पढंत सुरू केली, फक्त बोल, हात न हलवता. आणि मधेच, "हाताकडे नको बघू. त्येच्या टाचेकडे बघ."

दुसऱ्या फेरीला टाच आणि थाप एकत्र पडली. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने मान हलवली. मला तेवढं पुरेसं होतं.

चित्र काढणंही त्या काळात बंद. दोन दिवस त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल धरून पाहिली आणि ठेवून दिली. तो काळ त्यांना पखवाजाच्या विरहापेक्षा जड गेला असं वहिनी सांगतात. बोल तोंडाने म्हणता येतात, रेषा तोंडाने काढता येत नाही.

संक्रांतीनंतर भाईंनी आडदशावतारापुरता पखवाज हातात घेतला, पुढचं आख्यान मुलाने वाजवायचं. ८ मार्चला महाशिवरात्र होती. त्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा पूर्ण रात्र वाजवली.

पुढचा पावसाळा

२०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला, म्हणजे हातात कमी दिवस. मामेभावाने कमी मूर्ती घेतल्या. हे त्याने आनंदाने केलं नाही, पण केलं. मूर्ती हलवायला दोन मुलं पक्की ठरवली आणि त्यांचा पगार मूर्तीच्या दरात धरला. गाडीच्या जुन्या बेअरिंगवर लाकडी फळी बसवून फिरता पाट केला. मूर्ती उचलून वळवायची गरज उरली नाही, बोटाने फिरवली की फिरते. ब्रशच्या दांड्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्या जाड केल्या. रेखणी सकाळी, हात ताजा असताना. रंगाचं पिस्तूल घ्या म्हणून मीच सुचवलं होतं, ते भाईंनी नाकारलं. काठ त्यांना हातानेच ओढायचा होता.

मंडळातही एक बदल झाला. साथीदारांनी पेटारे उतरवायचे नाहीत, असं मालकांनी ठरवलं. पेटीवाल्याला याचं भाईंपेक्षा जास्त समाधान झालं.

तो मुलगा आता दुसऱ्या एका मंडळात वाजवतो. भाईंनी त्याचं चित्र काढलं आहे, त्याच मोसमाच्या हँडबिलाच्या पाठीवर. पखवाज चित्रात अर्धाच दिसतो. मुलाची मान वर आहे आणि डोळे चौकटीबाहेर कुणाच्या तरी पावलांवर.

अंगठा थंडीत सकाळी अजून आखडतो. कोमट पाण्यात धरला की सुटतो. पट्टा शाळेत ब्रशांच्या शेजारी खिळ्याला टांगलेला असतो. पाट यायला लागले की भाई तो काढतात, धुतात आणि खळ्यात दोरीवर वाळत घालतात.